ज्याचं अंग त्याचं माप

मास्तर,

इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. तुमच्या मय्यतीला आलो होतो, पण शेवटच्या रांगेत उभा राहिलो आणि तुमच्यामागे राहिलेल्या चाचींना न भेटताच परतलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगतोय तेही तीच चूक पुन्हा करून बसलो म्हणून.

चौलच्या नाक्यावरचं आपलं शिलाईचं दुकान. कुवेतहून एका नवरदेवाच्या शेरवानीचं माप चिठ्ठीवर आलेलं. तो निकाहाच्या आदल्या दिवशी उतरणार, म्हणून कपडे आधीच तयार हवेत. तुम्ही आजारी बहिणीला बघायला मुरूडला निघालात. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणालात, "कापून ठेव. काय कळलं न्हाय तर थांब, मी उद्या येतोच." मी काही पोर नव्हतो, लग्न झालेला कारागीर होतो. पण शाळा आठवीत सुटलेली आणि चिठ्ठी इंग्रजीत. आकडे कळत होते, खांद्याचा कोणता आणि छातीचा कोणता ते कळत नव्हतं. ते शब्द तुम्ही मला दोनदा शिकवले होते. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. तेवढ्यात नवरदेवाचा धाकटा भाऊ दुकानात डोकावला. "आमी दोघं एकाच अंगाचे. भाईजानचा कोट मला बरोब्बर होतो," म्हणाला. मी टेप काढली आणि त्याचंच माप घेतलं.

निकाहाच्या दिवशी शेरवानीचं एक बटण लागेना. कुवेतच्या जेवणाने भाईजान सुटला होता. "मास्तर, आता धाकट्याचंच लगीन लावा, त्याला फिट बसंल!" कोणीतरी ओरडलं आणि मांडवभर हसू फुटलं. तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "चिठ्ठीवरनंच कापलंस ना?" मी होय म्हणून मान हलवली. मग तुम्ही नवरदेवाच्या बापापुढे हात जोडलेत. "चूक माझी. चिठ्ठी वाचण्यात गफलत झाली." नवरदेव मामाचा जुना कोट घालून बसला. चाचींनी माझ्या ताटात सांदणं वाढली, ती मी खाल्लीसुद्धा. परत येताना तुम्ही एकच वाक्य बोललात, "ज्याचं अंग त्याचं माप, एवढं ध्यानात ठेव."

पुढे मी आखातात एका कपड्यांच्या कारखान्यात गेलो. तिथे कापणीयंत्राच्या संगणकावर बसवलं आणि त्याचा नाद लागला. आता घरी बसून एका कंपायलरच्या कामाला हात लावतो. माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम, तो कंपायलर. आमचा कोणाच्या मालकीचा नाही, ठिकठिकाणची माणसं मिळून तो बनवतात. तो बांधायच्या, म्हणजे तयार करायच्या, ज्या सूचना असतात, त्यांत कोणी बदल पाठवला की मी वाचतो, चालवून बघतो आणि "ठीक आहे" म्हणतो. कधीकधी तो बांधायचा असतो मोठ्या संगणकावर आणि चालवायचा असतो दुसऱ्याच, तळहाताएवढ्या यंत्रावर. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. तुम्हाला काय सांगायचं, आपण कुवेतसाठी तेच करायचो.

एका शाळेतल्या बाई आहेत, दूरच्या जिल्ह्यातल्या. मला काका म्हणतात. शाळेतल्या छोट्या यंत्रांवर आमचा कंपायलर चालावा म्हणून त्यांनी बदल लिहिले. शाळेला सुट्टी, बांधायचा संगणक आणि यंत्रं कुलपात. म्हणून स्वतःजवळचं एकुलतं यंत्र त्यांनी मला बिस्किटांच्या डब्यातून टपालाने पाठवलं. सोबत प्रश्न: "काका, ही तपासणीची ओळ यंत्राची ताकद किती ते बांधणाऱ्या संगणकाला विचारते की चालवायच्या छोट्या यंत्राला? मला खात्री नाही. यावर एकदा चालवून बघाल?"

मास्तर, ते यंत्र माझ्याकडून सुरूच झालं नाही. तीनदा प्रयत्न केला, साधा दिवा लागला नाही. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी माझ्याच संगणकावर सगळं चालवलं, ते चाललं, आणि खाली लिहून टाकलं, "यंत्रावर तपासलं. ठीक आहे." ती ओळ माझ्याच संगणकाचं माप घेत होती. मोठ्याचं माप छोट्याच्या अंगावर चढलं.

बदल सगळ्यांकडे गेला आणि छोट्या यंत्रांवर कंपायलर उघडेना. लोक बाईंवर तुटून पडले. एकाने लिहिलं, "बाई, शाळेत मुलांना असंच न तपासता मार्क देता का?" त्यांनी माझं नावही घेतलं नाही. "चूक माझी आहे. यापुढे मी काही पाठवणार नाही," एवढंच लिहिलं. मी तीन दिवस ते नुसतं वाचत बसलो. बायको म्हणाली, "चहा परत गार केलात. कोणाला टाकून बोललात की काय?" टाकून बोललो असतो तर बरं झालं असतं.

आज सकाळी सगळ्यांना दिसेल असं लिहायला बसलो. आधी लिहिलं, "आमच्याकडून चूक झाली." ते खोडलं. मग लिहिलं, "मी यंत्र सुरूच केलं नव्हतं. मला जमलं नाही, आणि तसं सांगण्याऐवजी खोटं लिहिलं. बाईंनी ती ओळ मला आधीच दाखवली होती." आणि पाठवलं. त्यांना वेगळं लिहिलं, हे यंत्र कसं सुरू करायचं ते मला शिकवाल का. अजून उत्तर नाही. सारखा उठून बघतोय.

हे पत्र टपालात पडणार नाही, तुमच्या जुन्या टेपजवळ राहील. पण एक सांगायचं उरलं. कुवेतची ती चिठ्ठी मी शेरवानी कापली त्याच दिवशी फाडून खाडीत टाकली होती. निकाहानंतर तुम्ही ती दुकानभर शोधलीत, तेव्हा मीही मशीनखाली वाकून तुमच्याबरोबर शोधत होतो. दुसऱ्या दिवसापासून आखातातून आलेली प्रत्येक चिठ्ठी तुम्ही मोठ्याने वाचायला लागलात, एकेक शब्द, खांदा, छाती, बाही, मी न विचारता, मी दुकान सोडेपर्यंत. तुम्हाला कळलं होतं का, मास्तर? कसंही करून लवकर कळवा.