पायाचा गुण

उत्रोली

कुंडलिकदादा,

हे पत्र काय मी टाकायची न्हाई. "दाजींच्या पाठीला गुण आला का?" म्हणून तू इचारलंस. तू जन्माचा पायाळू, पायाकडनं जन्मलेला, म्हणून सासूबाईंनी ह्यांच्या दुखऱ्या पाठीवर तुलाच लाथ मारायला लावली.

मागनं भोरचा डाक्टर म्हणाला, क्षयानं मणका सडलाय, त्यानं आतली नस दाबलीया. पाठीला धक्का लावू नका. सासूबाई म्हणाल्या, "दुखणं तर थांबलं की!"

थांबलं, व्हय. पण चालताना वहाण पायातनं गळती अन् ह्यांना कळत न्हाई. काल चुलीतला निखारा ह्यांच्या पावलावर पडला. कातडं जळाल्याचा वास आधी मला आला.

हे हसून म्हणाले, "बघ, कायबी दुखत न्हाई. तुझ्या दादाच्या पायाचा गुण! पुन्यांदा बोलीव त्याला."

तुझी बहीण,
फुला