गोटीएवढे टोमॅटो

६ जुलै

ती. ताईस,
चिमणचा शि. सा. न. वि. वि.

प्लास्टरमधला पाय कसा आहे? लेकीच्या घरी बसून तिलाच दम देत असशील, म्हणजे तब्येत ठीक असणार. शेताची काळजी सोड. टोमॅटोचं संकरित बी ट्रेमध्ये पेरलं, एका कप्प्यात एक. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला चिमट्याने बी टाकणं काय अवघड! परवा कोंब वर आले. दर तीन तासांनी पाणी घालतो. गडी हसतात, पण वेळ म्हणजे वेळ.

तुझा आज्ञाधारक (फक्त पत्रात),
चिमण

११ जुलै

चि. चिमण,
अ. उ. आ.

दर तीन तासांनी? रोपं आहेत की बदकं? बोटाला माती कोरडी लागली तरच पाणी दे, नाहीतर देठ कुजून माना टाकतील. लावणीआधी चार दिवस पाणी कमी कर, रोप जरा राठ होतं. लावणी उन्हं कलल्यावरच.

आता थट्टा बाजूला. शेजारचा वीटभट्टीवाला जमीन मागतोय. मी एकटी, त्यात हा पाय. एवढा हंगाम बघून सांगते म्हटलंय. तेव्हा नीट कर रे.

लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्या हातात,
ताई

५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस, कामात होतो. रोपं उत्तम निघाली. दीड-दीड फुटावर, फूटपट्टी लावून लावली. दहाव्या दिवसापासून ठिबकमधून खत सुरू केलं. झाडं माझ्या खांद्याला आली आहेत. बांबू आणि सुतळी दोनदा वाढवली. आणि ताई, एकेका घोसाला वीस-वीस फुलं! गडी आता हसत नाहीत.

तुझा कर्तबगार भाऊ,
चिमण

१० सप्टेंबर

चि. चिमण,
अ. उ. आ.

वीस? माझ्या वाणाला फार तर सहा येतात. एक तर चष्मा बदल, नाहीतर खरं सांग. झाडं एवढी उंच म्हणजे नत्र जास्त ओतलंस का? आता पोटॅश दे, कॅल्शियम विसरू नकोस, नाहीतर फळांची बुडं काळी पडतील. आणि रोपांबद्दल एकच ओळ का लिहिलीस?

संशयाने भरलेली,
ताई

४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगतो. तुझं जुलैचं पत्र पोचलं त्याच सकाळी सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. माझ्या पाण्याने. मग रोपवाटिकेत जाऊन ती चालवणाऱ्या बाईंसमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, एवढीच शिल्लक आहेत, बघा. मी न बघता उचलली.

पोटॅश दिला, कॅल्शियम दिलं, फळं गोटीएवढीच राहिली. वाटलं, उपाशी आहेत. आणखी दिलं. शेवटी लाल झाल्यावर बाईंनाच बोलावलं. त्या बांधावर बसून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, जात छोट्या टोमॅटोची, तुम्ही जन्मभर खाऊ घातलंत तरी मोठे व्हायचे नाहीत.

वीटभट्टीवाला कुंपणापाशी येऊन हसून गेला. मला फार लागलं. डबाभर पाठवतोय. जमीन विकायला लागली तर दोष माझा.

तुझा गुन्हेगार,
चिमण

९ ऑक्टोबर

चि. चिमण,
अ. उ. आ.

तुला झापायचं म्हणून डबा उघडला. लेक आणि जावई उभ्या-उभ्या मूठमूठ खाऊन गेले. मी चार खाल्ले. बरं, अकरा. असं गोड फळ माझ्या शेतात कधी पिकलं नव्हतं. जावयाने उरलेले त्याच्या ओळखीच्या हॉटेलात नेले. तिथल्या आचाऱ्याने विचारलंय, दर दोन दिवसांनी दोन क्रेट मिळतील का. मी तुला न विचारता हो म्हटलं.

वीटभट्टीवाल्याला नकार कळवलाय. मंगळवारी येते. शेताचा खालचा तुकडा यापुढे तू कसायचास, आणि तू राहतोस ती मागची खोली आता पाहुण्याची नाही, तुझी. म्हणजे चादरीही तूच धुवायच्या.

तुझ्यावर रागावता रागावता हसणारी,
ताई