योर्लेनीला नदीवर पाठवण्याबाबत

एल होकोते, ९ मार्च १९९४

चि. इलेआना हिस अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर थोडी बोलणीही.

तुझ्या ऑफिसचं ‘नदीची शाळा’चं पत्रक परवा आमच्या शाळेत लागलं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मुलांनी नदीत उतरायचं, दगड उलटायचे, खालचे किडे मोजायचे आणि त्यावरून पाणी स्वच्छ की घाण ते ठरवायचं. इथवर ठीक. पण एप्रिलचा पहिला शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही? त्या दिवशी नदीत उतरलं की माणसाचा मासा होतो, हे आजीने तुला सांगितलं नव्हतं की राजधानीत गेल्यावर सगळं धुऊन निघालं? मला ते खरं वाटतं का, ते विचारू नकोस. पण पडताळून बघायला पोटचं पोर कोण देईल? एल्पिदियाबाईने तर नातीने घरी आणलेलं पत्रक चुलीत घातलं. पालक मंडळाची अध्यक्ष मी, त्यामुळे तुमची बहीण शुद्धीवर आहे ना, याची उत्तरं मीच देत फिरते. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

तारीख बदललीस तरी माझी योर्लेनी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तिचा दमा तुला ठाऊक आहे. जत्रेत नुसती भिजली, तर आठवडाभर मी तिच्या छातीला कान लावून बसले होते. बाकीच्यांची मुलं धडधाकट आहेत, त्यांना खुशाल न्या.

कॉफीची तोडणी संपली. तुझा मेहुणा एफ्राईन बरा आहे आणि नेहमीसारखाच निरुपयोगी आहे. लोभ वाढव असं या खेपेला म्हणत नाही, आधी तारीख बदल.

तुझी ताई
मायेला


सान होसे, १६ मार्च १९९४

ती. मायेलाताईस सा. न. वि. वि.

साष्टांग मनातल्या मनात घालते आहे, कारण पाय प्लास्टरमध्ये आहे. इतकी वर्षं रानात हिंडले, कधी बोट ठेचलं नाही, आणि पडले ती ऑफिसच्या जिन्यावरून. हस, हस.

तारीख आमच्या रोहेलिओसाहेबांनी ठरवली, कॅलेंडर न बघता. चूक दाखवली तर म्हणतात, आपण दर गुड फ्रायडेला समुद्रात डुंबतो आणि अजून खवले फुटलेले नाहीत. शेवटी १५ एप्रिल ठरली. मे महिन्यात पाऊस लागला की पाणी गढूळ होतं आणि पहिली मोजणी स्वच्छ पाण्यातच व्हायला हवी, म्हणून त्यापुढे ढकलता येत नाही.

आता माझी कटकट ऐक. तुमच्या शाळेच्या बाईंचं पत्र आलंय. गावातल्या आया म्हणतात, लोका सांगे ब्रह्मज्ञान. इलेआनाची सख्खी भाची घरात बसणार आणि आमची पोरं पाण्यात का? अकरा मुलांची तुमची शाळा. दहा तरी आली नाहीत तर साहेब एल होकोतेचं नाव कापून पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाला देणार. ताई, तुझ्या एका ‘नाही’ने अख्खं गाव बसलंय. मी इथे भांडून भांडून तुमच्यासाठी जागा मिळवली आणि माझीच बहीण आडवी पडली, याचा मला खरंच राग आला आहे.

आणि योर्लेनीला तू विचारलंस का? तिची तीन पत्रं आली आहेत मला. तिसऱ्यात तिने विचारलंय की मावशीने हुकूम सोडला तर आईला तो पाळावा लागतो का. पाळत नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून हुकूम नाही, विनवणी.

लंगडी का होईना, तुझीच
इलेआना


एल होकोते, ४ एप्रिल १९९४

चि. इलेआना, आशीर्वाद. जिना सांभाळून उतर.

पोरीने माझ्यामागे तुला पत्रं लिहिली हे कळल्यावर मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिच्यावर परिणाम शून्य. एफ्राईनला सांगितलं तर म्हणाला, जाऊ दे की. याला जाऊ दे म्हणायला काय जातंय, धाप लागली की हाक मला येते.

तर ती येईल. पण रबरी बूट घालून, दोन स्वेटर घालून, पाणी घोट्याच्या वर नाही, आणि मी सोबत असणार. मी निघाले म्हटल्यावर एल्पिदियाबाईही निघाली, मग कोणी मागे राहीना, नऊ जणी झालो. कोंबडीभाताचं पातेलं माझ्याकडे, केळीच्या पानात उकडलेल्या तमाल्या तिच्याकडे. तुझ्याऐवजी येणाऱ्या त्या वाटाड्या विल्बर्टला सांग, डबा आणू नकोस, आणि माझ्या मुलीवरून नजर हटवू नकोस.

वैतागलेली
मायेला


सान होसे, ८ एप्रिल १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

अकरा मुलांमागे नऊ आया? विल्बर्ट म्हणतो, किडे पातेल्याच्या आवाजानेच पळतील. एप्रिलच्या उन्हात दोन स्वेटर घातलेस तर पोर नदीपर्यंत पोचायच्या आधीच उकडून निघेल. पण या, सगळ्या या. फक्त एवढं कर, दर पाच मिनिटांनी तिच्या छातीला कान लावू नकोस. सगळ्यांसमोर ती लाजते. हे तिनेच मला लिहिलंय.

तुझी
इलेआना


एल होकोते, १७ एप्रिल १९९४

चि. इलेआना हिस आशीर्वाद.

अकराही मुलं आली. नदी स्वच्छ निघाली म्हणे, तसं तुझ्या साहेबांना कळव.

आता माझं ऐक. पोचल्या पोचल्या तिने दोन्ही स्वेटर काढून माझ्या हातात दिले. मी काठावरून हाका मारत होते, बुटांत पाणी गेलं का, पाय गार पडले का. इतक्या हाका मारल्या की विल्बर्टने मला भात बघायला पाठवलं. भात ढवळता ढवळता मान वर केली, तर ही सगळ्यांपासून बाजूला होऊन एका दगडावर बसलेली. खांदे वरखाली होताना दिसले. ते खांदे मला गावाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतील. पळी टाकून धावले. पाण्यात पडले, कमरेपर्यंत भिजले. तोवर तिने खिशातून पंप काढला होता, औषध ओढून श्वास धरून ती बोटांवर मोजत होती. मला बघितलं आणि हात वर केला, थांब म्हणून. मी नदीच्या मधोमध उभी राहिले.

तिचं मोजून झालं. मग तिने विल्बर्टला सांगितलं की किडे गाळायची चाळणी धरायची तिची पाळी अजून राहिली आहे, आणि पुन्हा पाण्यात गेली. बाकीच्या मुलांनी मानही वर केली नाही. एल्पिदियाबाईच्या नातीला विचारलं, तर म्हणाली की शाळेतही ती असंच करते, पहिल्यापासून.

तुला वाटेल मी खूश झाले. मी चिडले आहे. तुझ्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. जन्मल्यापासून त्या छातीची राखण मी केली. पोर केव्हाच स्वतःचं स्वतः करायला लागली, आणि मला सांगावंसंही तिला वाटलं नाही. सांगितलं असतं तर मी शाळेत जाऊन बसले असते, हे खरं आहे. म्हणूनच नसेल सांगितलं. पातेल्यामागे जाऊन मी रडले. एल्पिदियाबाईला वाटलं, पडून लागलं म्हणून.

घरी येताना योर्लेनीने माझा हात धरला होता. अगदी हळू आवाजात तिने विचारलं की पुढच्या महिन्यात आई आली नाही तर चालेल का. मी चालेल म्हटलं. चालणार नाही, पण म्हटलं.

त्या शुक्रवारी ती सकाळी जाईल आणि दुपारी परत येईल. तोवर मी घरात बसून काय करायचं, तेवढं मात्र कळव.

तुझी ताई
मायेला