विंचरलेली नदी

४ जुलै
पूर-अंदाज कार्यालयात लागलो. हंगामी, पण टेबल आहे, खुर्ची फिरते. ट्रकवरची क्लीनरगिरी, फोटोकॉपीचं दुकान, जनरेटरवाल्याच्या मागे हिंडणं, सगळं संपलं. आता टिकायचं. ताई म्हणाली, भिंगऱ्या, पावसाळाभर टिकलास तरी पुष्कळ. तिला काय माहीत.

५ जुलै
काम असं. कॉम्प्युटरमध्ये नदी आहे. तिचा तळ किती खडबडीत, वर पाऊस किती पडणार, कोणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून मॅडम म्हणतात, आकडे थोडे थोडे बदल आणि तिला शेकडो वेळा वाहायला लाव. प्रत्येक वेळेची एक रेघ. सगळ्या रेघांचा मिळून पट्टा: पाणी इथपासून इथपर्यंत येऊ शकतं. एवढं इंजिनिअरिंग शिकून शेवटी काय, तर 'येऊ शकतं'. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरला वाट विचारली तर तो बोट दाखवायचा. पट्टा नाही.

९ जुलै
रेघा निघाल्या. नुसत्या झिंज्या. समोरच्या बांधकामावर क्रेन चालते, खाली जाऊन क्रेनवाल्याशी बोललो. शिकायला हरकत नाही. परत आलो तर मॅडम माझ्या खुर्चीवर.

११ जुलै
मॅडमची आई आजारी, त्या गावी गेल्या. जाताना बजावलं, सगळ्यात वरच्या रेघांना हात लावू नकोस, काही वाटलं तर फोन कर. म्हणजे भरवसा आहे.

१२ जुलै
सकाळपासून धो धो. ताईचा फोन. नदीकाठची गल्ली, तळमजला, सासरे (आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो) अंथरुणाला खिळलेले. त्यांना हलवायचं म्हणजे चार माणसं लागतात. पाठीला जखमा आहेत, लहान मुलासारखे रडतात. वरच्या मजल्यावरची शेजारीण जागा द्यायला तयार आहे. ताईने विचारलं, हलवू का? नक्की काय ते सांग.
पट्टा बघितला. उंबऱ्याच्या खाली दोन वितींपासून पार खिडकीच्या गजांपर्यंत. सख्ख्या बहिणीला कोणी असं सांगतं का?

तोच दिवस, संध्याकाळ
ग्राफ विंचरला. वरच्या काही रेघा फारच वेड्या होत्या, त्या उडवल्या. उरलेल्यांमधली मधली घेतली. काय ठसठशीत रेघ. ताईला फोन लावला.
"पाणी उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबेल. आजोबांना झोपू दे."
"नक्की ना?"
"नक्की."
मागून भावोजी म्हणाले, साहेब झालात की हो. बरं वाटलं. मॅडमना फोन करायचा राहिला. बॅटरी कमी होती.

१४ जुलै
पाणी उंबऱ्याला थांबलं नाही. खाटेच्या वर गेलं. घरात ताई आणि भावोजी, दोघंच. चार माणसं लागतात.
आजोबा गेले.
पुलाखाली कोणीतरी भराव टाकला असणार. चौकशी करायची.

१५ जुलै
चौकशीला निघालो. पुलापर्यंत गेलो नाही.

१७ जुलै
मॅडम आल्या. उडवलेल्या रेघा त्यांनी परत आणल्या. पाणी पट्ट्यातच होतं, वरच्या कडेला, माझ्या वेड्यांपैकी एकीला अगदी चिकटून. म्हणजे मॉडेल बरोबर निघालं. मी तसं म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० जुलै
ठरवलं, ताईला पट्टा म्हणजे काय ते नीट समजावायचं. रंगीत पेनांनी कागदावर काढून नेला. वाक्यंसुद्धा पाठ केली.
दार उघडंच होतं. खाट बाहेर उन्हात उभी करून ठेवलेली. ताई भिंत घासत होती. पाणी ओसरून जी रेघ राहते, ती. गजांच्या जरा खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकच. सरळ. ठसठशीत.
कागद खिशातच राहिला.
तिने वळून बघितलं नाही. "नक्की म्हणाला होतास," एवढंच म्हणाली आणि दुसरा ब्रश माझ्याकडे सरकवला.
दुपारभर घासली. जात नाही.