हात केला की थांबते

१२ नोव्हेंबर, बुधवार
‘केदारखेड्याच्या मायबापांनो, रूळ आपल्या रानातून गेले, अन् चाळीस वर्षं आपण फलाटावर नुसती मका वाळवली!’ — माझं प्रत्येक भाषण इथूनच सुरू व्हायचं. अखेर बंद लाईन उघडली. दोन हलके डबे, थोडा खर्च. ‘इथं रेल्वे परवडणार नाही’ म्हणणाऱ्यांना मीच सुनावलं होतं — ‘ही रुळावरची एसटी आहे. हात केला की थांबते.’ काय टाळ्या पडल्या.

उद्या चाचणी.

१३ नोव्हेंबर
सगुणाआत्या फाटकापाशी थेट रुळांच्या मधोमध उभी. काखेत पिशवी, एक हात वर. एसटीला करते तस्साच. मी ओरडायला गेले — आवाजच फुटला नाही. सभा गाजवणारी मी!

गाडी करकरत थांबली. आत्या अन् गाडी यांच्यात एक बैल मावला असता. लोक हसले. आत्या म्हणाली, “आमची दैवशाला बोलती ते बराबर ऱ्हातं.”



१४ नोव्हेंबर
बदनापूरला जाऊन चालक साजिदला भेटले. म्हटलं, थांबवलीस, उपकार झाले.

“मी कुठं थांबवली, ताई? ब्रेकची चाचणी त्याच जागी ठरलेली व्हती. मावशी तर मला गाडी थांबल्यावर दिसल्या.” मग हळूच म्हणाला, “सोमवारी पहिली खरी फेरी, गाडी भरून येईल, थांबेल ती फलाटालाच. फुल स्पीडमधी. रुळावर दव असलं तर ब्रेक मारूनबी सरकत जाती. त्यांना सांगा, जल्दी.”

१५ नोव्हेंबर
घरोघर फिरले. कुणाला पटत नाही. किराणावाला कारभारी म्हणतो, “ताई, गाडी आली अन् तुम्हीच माघार घेऊन राह्यल्या? डोळ्यांनी पाह्यलं ना आम्ही.” सोमवारी आठ-दहा बाया आत्याशेजारी रुळांवर उभ्या राहणार आहेत. शेजारची शीतलही, कडेवर लेकरू घेऊन. इतकी पुस्तकं वाचली, पण माझंच एक वाक्य मला मागं घेता येत नाही.

आत्याच्या पाया पडले. ती म्हणाली, “फलाटावर समद्यांची मका पसरलीय. मंग उभं कुठं ऱ्हावं?”

हे मला सुचलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, दुपार
देवळाचा कर्णा मागून घेतलाय. एवढंच बोलणार —

मायबापांनो, दैवशाला खोटं बोलली. गाडी हातानं थांबत नाही. दिवस मावळायच्या आत फलाटावरची मका उचला.