इस्त्रीच्या प्लगवरची गाडी

२ मार्च, सकाळी
इलेक्ट्रिक गाडी आली. आवाज नाही, धूर नाही, अगदी माझ्यासारखी. मी मुळात शांत माणूस. लोक डोकं फिरवतात. बायकोने बजावलंय, यापुढे कुणावर हात उचललात तर मुलीला घेऊन भावाकडे निघून जाईन. मागच्या वेळी कपाटाचं दार मोडलं होतं, माणूस नव्हे. पण वाद घातला नाही. आजपासून राग बंद.

३ मार्च
वायरमन येऊन गेला. म्हणे चार्जरला मीटरपासून वेगळी जाड वायर हवी, अर्थिंगही धड नाही. मी सुचवलं, इस्त्रीच्या प्लगवरून एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून खाली सोडू. तो हसला. मी कॉलर धरली. नुसती धरली. विरलेली असणार, हातात आली.

५ मार्च, संध्या. ७
सहाला चार्जिंग लावून फिरायला गेलो. येऊन बघतो तर खाली बोर्डातून चार्जरचा प्लग उपटलेला. १९ टक्के. दीर्घ श्वास घेतला. मग टायरला लाथ घातली. अंगठा सुजलाय. टायरला काही नाही, गाडी मजबूत आहे.

७ मार्च
पुन्हा तेच. १४ टक्के. संशय तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरवर. बोर्ड त्यांच्याच पायरीशी असतो. त्यांची कुंडी माझ्या हातून भिंतीवर पडली. बायकोने विचारलं, पडली की फेकली. उत्तर देऊन वाद कशाला वाढवायचा?

९ मार्च, संध्या. ६.३०
जिन्यामागे दबा धरला. डॉक्टर आले, नाक वर करून हुंगलं, बोर्डाकडे वाकले. एकच ठोसा. पुढचा दात गेला, शर्टावर रक्त. वाईट दिसलं खरं. पण दाताच्या डॉक्टरला दाताची काय चिंता? दवाखाना घरचाच.

त्याच दिवशी, ८ वाजता
मुलगी रडत रडत म्हणाली, प्लग ती काढायची. खेळून येताना जळका वास यायचा, बोर्ड वितळत होता, म्हणून रुमाल गुंडाळून ओढायची. सांगितलं का नाहीस विचारलं, तर बाबा मारतील म्हणून. मी म्हटलं, मी कधी मारलंय? ती बायकोच्या मागे सरकली. फार वाईट वाटलं. बोर्ड भिंतीवर आपटून त्याचे चार तुकडे केले. सुरक्षिततेसाठी.

१० मार्च
मेहुणा येऊन दोघींना घेऊन गेला. पेट्रोलची गाडी, केवढा धूर! मुलीने दप्तरही नेलंय. दोन दिवसांत येतील. मी ओळखतो हिला.

१६ मार्च, दुपारी ४
वायरमनने वेगळी लाइन टाकली, अर्थिंग केलं. मी काम संपेपर्यंत बाहेर थांबायचं, ही त्याची अट. थांबलो. गाडी शंभर टक्के. मेहुण्याचं घर चाळीस किलोमीटर, जाऊन येऊन सहज होईल. फोन लावला, मुलीने उचलला. सांगितलं, न्यायला येतो. तिने विचारलं, घरात आणखी कोण आहे? म्हटलं, कुणी नाही, मी एकटाच.

बरं झालं, म्हणाली, म्हणजे कुणाला लागणार नाही. आणि फोन ठेवला.