खूण केलेल्या पुंगळ्या

मी, सुनंदा हिम्मतराव परांडेकर, वय चौसष्ट, राहणार तारनाका, सिकंदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. मला पोटाचा कर्करोग आहे. शरीर थकले आहे, डोके थकलेले नाही. तसा दाखला डॉ. प्रकाश सेलूकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून वळवलेलेही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांच्या मसुद्यात माझ्या नावापुढे 'धंदा : घरकाम' असे होते, ते मी खोडले आहे. कित्येक वर्षे मी घरी बसून काडतुसांच्या उडालेल्या पितळी पुंगळ्या निवडल्या. तोही माझा धंदाच होता. पुढे जे झाले ते त्यातूनच झाले, म्हणून ते येथे लिहिणे भाग आहे.

१. घर. तारनाक्याचे आमचे घर माझे यजमान कै. हिम्मतराव आणि त्यांचे थोरले बंधू श्री. एकनाथराव यांनी मिळून बांधले. खाली आम्ही राहतो, वर ते. यजमानांच्या मागे त्यांचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर आला. शेजारचे बंगले पडून तेथे अपार्टमेंट उभी राहिली, आता आमचेही पडणार. बिल्डरच्या करारावर मी सही केली आहे, ती का केली ते पुढे येईल. त्या करारानुसार माझ्या हिश्श्याचे जे फ्लॅट मिळतील ते माझी एकुलती एक मुलगी चि. केतकी हिचे. तिने राहावे, भाड्याने द्यावे की विकावे, हे तिला कोणी सांगू नये. वरच्या मजल्यावरच्यांनी तर मुळीच नाही.

२. हत्यारे आणि पितळ. यजमान रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होते. नेमबाजीचा त्यांना फार नाद. एकनाथराव क्लबचे सेक्रेटरी. क्लबच्या परवान्यावर मोठ्या बोअरच्या रायफलीची काडतुसे पुन्हा भरण्याचे काम यजमान घरी मागच्या खोलीत करत. भरणे त्यांचे, निवडणे माझे. पहिल्यांदा पिशवी माझ्यापुढे ओतताना ते म्हणाले होते, "तू तांदूळ निवडतेस ना, तसंच हे. खडा राहता कामा नये."

क्लबातून तागाच्या पिशवीत काळवंडलेल्या पुंगळ्या येत. मी त्या चिंचेच्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळवत असे. मग एकेक उजेडात धरायची, तोंडाच्या कडेवरून नख फिरवायचे, बुडापाशी चकचकीत रेघ उमटली आहे का पाहायचे. तशी रेघ म्हणजे पितळ आतून पातळ झाले, पुढच्या बाराला बूड सुटणार. चिरलेली पुंगळी मुठीत खुळखुळवली की बद्द वाजते. शंका आली की मी ती बाद करत असे. बाद पुंगळीच्या बुडाच्या कडेला कानशीने आडवी खाच पाडायची, म्हणजे ती चुकूनही परत भरली जाऊ नये. परवान्यासाठी पितळेचा हिशेब लागतो म्हणून बाद मालही वेगळ्या डब्यात क्लबात परत जाई. तेथून तो भंगारात जायचा, असे ठरलेले होते.

मागच्या खोलीत यजमानांचे भरण्याचे यंत्र, तराजू, कानशी आणि उरलेल्या पुंगळ्या आहेत. हे सर्व परवानाधारक दुकानदारामार्फत पोलिसांत जमा करून पावती घ्यावी. एकही वस्तू क्लबाला देऊ नये. कितीही गोड बोलून मागायला आले तरी देऊ नये.

३. बचत. बँकेतील माझ्या खात्यावर जे काही निघेल ते सगळे खाजा मियाँ, क्लबाचे पूर्वीचे चौकीदार, हल्ली मुक्काम कुकटपल्ली, यांना द्यावे. एका परक्या माणसाला का, असे नातेवाईक विचारतील. त्यांच्यासाठी लिहिते.

१९९१ साल होते. देशाकडे परकीय चलन उरले नव्हते, बाहेरून काही आणायचे म्हणजे दहा सह्या. सरकारी दारूगोळा कारखान्याचीही काडतुसे वेळेवर येईनात. डिसेंबरात क्लबाचे सामने होते. एकनाथरावांनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना आमंत्रणे दिली होती. घाई म्हणून त्या खेपेला मी निवडलेल्या पुंगळ्या यजमानांऐवजी क्लबातल्याच माणसांनी भरल्या. केतकी तेव्हा कॉलेजात होती आणि राज्याच्या संघात तिची निवड होणार असे सगळे म्हणत होते. सामन्याच्या सकाळी मी तिचा जेवणाचा डबा घेऊन मैदानावर गेले. ती पोटावर झोपून नेम धरत होती. तिचा बार झाला आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. बूड फुटले होते आणि आतला जाळ उलटा तिच्या तोंडावर आला होता. तिला शिकवले होते तशी तिने रायफल नळी लक्ष्याकडे ठेवून हळूच खाली ठेवली. मग उजव्या डोळ्यावर तळवा दाबून म्हणाली, "आई, इकडचं काही दिसत नाहीये."

तो डोळा गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खाजा मियाँ आले. त्यांनी रुमालात फुटक्या पुंगळीचे बूड आणले होते. कडेला माझी खाच होती.

"अम्मा, ये तुमाराच निशान है ना?"

मी म्हटले, "हौ."

"मैं अपने आँखाँ से देखा. परसों बडे साब बाद का डब्बा अच्छे माल में उलटाए. मेरे कू बोले, माल कम पड रा, तू जबान बंद रख. मैं बंद रखा, अम्मा. मेरे कू क्या मालूम कौन सा किस कू जाता."

बडे साब म्हणजे एकनाथराव. चौकशी बसली तेव्हा मात्र खाजा मियाँनी तोंड बंद ठेवले नाही. जे पाहिले ते समितीपुढे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना दारू पिऊन कामावर येतात म्हणून काढले. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मुलींची लग्ने व्हायची होती. तेव्हापासून ते बांधकामांवर राखण करत फिरतात. माझ्या बाजूने उभा राहिलेला तेवढा एकच माणूस होता. केतकीला चांगली नोकरी आहे, तिने या कलमाला हरकत घेऊ नये.

४. यजमानांच्या वस्तू. घड्याळ, चष्मा, पदके, गरम कोट. केतकीला हवे ते तिने घ्यावे, बाकीचे वाटून टाकावे. मला स्वतःला त्यातले काही ठेवावेसे वाटले नाही. का, ते असे.

पुंगळीचे ते बूड मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी खाच पाहिली, अंगठ्याने चाचपली आणि खुर्चीवर बसले.

"अहो, समितीला हे दाखवा," मी म्हणाले.

"दादानं मला वाढवलं, सुनंदा. आमचे वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो."

"आणि केतकी कोण आहे?"

"त्याचं नाव आलं तर पोलीस केस होईल. क्लब बंद पडेल, या वयात तो तुरुंगात जाईल. डोळा काही परत येणार नाही. तुला कोण विचारायला येतंय? घरात बसून केलेलं काम. नजरचूक झाली म्हणायचं. तुझं काय जाणार आहे?"

मी बूड घेऊन स्वतः समितीपुढे गेले. एकनाथराव तेथे बसलेलेच होते. ते म्हणाले, "खाच काय, घरी गेल्यावरही पाडता येते. आईचं मन आहे, आपण समजून घेतलं पाहिजे." समितीने माझ्या यजमानांना विचारले. ते खाली बघत म्हणाले, "निवडताना नजरचूक झाली असावी." मग मला चहा दिला आणि निकाल लिहिला. घरगुती निवडीतील हलगर्जी, असे शब्द होते.

माझे काय गेले ते सांगते. केतकीने माझ्याशी बोलणे सोडले. दवाखान्यातून घरी आल्यावर माझ्या हातचे पाणी घेईना. शिक्षण संपल्यावर कुकटपल्लीला एका कॉम्प्युटर कंपनीत लागली आणि तिकडेच खोली घेऊन राहिली. दिवाळीला यायची ती वडिलांसाठी. माझ्या अंगावरून जाताना भिंतीकडे तोंड करायची. मी एकदाच म्हटले, "केतकी, ती पुंगळी मी बाद केलेली होती." ती म्हणाली, "समितीनं काय लिहिलंय ते मी वाचलंय." पुढे आयात खुली झाली, क्लबाला बाहेरची नवी काडतुसे मिळू लागली, आणि आमच्याकडे पिशवी यायची बंद झाली. यजमान १९९६ साली गेले. शेवटपर्यंत मी त्यांना भरवले, अंग पुसले, औषधे दिली. त्यात काही कमी केले नाही. पण त्यांच्याशी गप्पा मात्र पुन्हा कधी मारल्या नाहीत.

५. श्री. एकनाथराव यांना माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये. माझ्या प्रेताला त्यांनी हात लावू नये. वर्तमानपत्रात निधनाची बातमी दिल्यास तीत त्यांचे नाव घालू नये.

गेल्या दसऱ्यानंतर ते जिना उतरून खाली आले. बिल्डरला घाई होती आणि माझ्या सहीवाचून काम अडले होते. माझा आजार तोवर कळला होता. ते म्हणाले, "सुनंदा, तुझ्या हयातीत होऊन गेलेलं बरं. मागे मुलीला कोर्टकचेऱ्या नकोत."

मी म्हटले, "भाऊजी, डबा तुम्ही उलटा केलात हे केतकीसमोर सांगा. मग कागद आणा."

मला वाटले, उठून जातील. पण फ्लॅटची ओढ मोठी होती, किंवा वयही झाले असेल. म्हणाले, "बोलाव तिला."

केतकी रविवारी आली. दारातच खुर्ची ओढून बसली. एकनाथराव उभ्यानेच बोलले, "केतकी, बाद झालेला माल मीच चांगल्यात मिसळला होता. सामने रद्द करावे लागले असते. तुझ्या आईचा काही दोष नव्हता." एवढेच. क्षमा वगैरे काही मागितली नाही. मी केतकीकडे पाहत होते. सात वर्षे मी या एका क्षणासाठी थांबले होते, आता तिचा चेहरा बदलेल म्हणून.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, काका. बाबांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं."

मग मीच विचारले, "तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग माझ्याशी का अशी वागलीस?"

तिने चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "कुणावर तरी रागवायचं होतं, आई. बाबा माझ्या पलंगापाशी बसून रोज रडायचे. माझे पाय धरून म्हणाले, दादाला वाचव. त्यांच्यावर रागावले असते तर ते मेलेच असते. तू रडत नव्हतीस. मला वाटलं, तुला सोसेल."

एकनाथरावांनी खिशातून कराराचे कागद काढून टेबलावर ठेवले. मी त्याच वेळी, त्यांच्याच पेनाने सही केली. हे घर अडवून धरण्याचे माझ्याकडे आता कारण राहिले नव्हते.

६. दागिने, भांडी, शिवणयंत्र आणि या पत्रात नाव न घेतलेले सर्व काही केतकीचे. हे वाचून कोणी म्हणेल की सुनंदाबाईंनी शेवटी मुलीला माफ केले. तसे मी केलेले नाही. मला सोसले असे तिला वाटले, पण मला सोसले नव्हते. मी संडासात नळ सोडून रडत असे. ते तिला कळले नाही आणि मी कळू दिले नाही. पण ती माझी मुलगी आहे. माझे आहे ते तिचे आहे. त्याला माफीची गरज लागत नाही.

त्या रविवारनंतर ती चार दिवसांनी बॅग घेऊन आली आणि बाहेरच्या खोलीत राहू लागली. येथून रोज बसने कामाला जाते. गोळ्या देते, पोट दुखले की गरम पाण्याची पिशवी आणते. आमच्यात फार बोलणे होत नाही. परवा माझ्या पायाला तेल लावताना तिने विचारले, "ते पितळ तू कसं ओळखायचीस?" मी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि पायाची दुसरी बाजू वळवून तेल लावू लागली.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या शेजारी, निवृत्त मुख्याध्यापिका श्रीमती इंदुताई नळदुर्गकर यांनी करावी. त्यांनी तसे कबूल केले आहे. केतकीला लिहिलेले मराठी अडखळत वाचता येते, तिला हे इंदुताईंनी वाचून दाखवावे. सगळे वाचावे, मधले गाळू नये.

८. माझ्या चितेला अग्नी केतकीने द्यावा. बाईमाणूस कशाला, असे भटजी म्हणाले तर दुसरे भटजी पाहावेत. प्रदक्षिणा घालताना चिता तिच्या उजव्या हाताला येते, आणि त्या बाजूचे तिला काही दिसत नाही. जाळ अंगावर आला तरी तिला कळणार नाही. म्हणून इंदुताईंनी तिच्या आणि चितेच्या मध्ये चालावे आणि तिचा हात सोडू नये.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले आहे. खाडाखोड आहे तेथे माझी आद्याक्षरे आहेत. खालील दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्या दोघांनी.

(सही) सुनंदा हिम्मतराव परांडेकर

साक्षीदार :
(सही) डॉ. प्रकाश सेलूकर, तारनाका
(सही) श्रीमती मालती गोविंद जिंतूरकर, निवृत्त शिक्षिका, नामपल्ली

ठिकाण : तारनाका, सिकंदराबाद
दिनांक : १९ फेब्रुवारी १९९९